चाकाखालचा धोंडा आणि विजेचा हँडब्रेक

चढणीवर बैलगाडी थांबवायची वेळ आली की गाडीवान काय करतो, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. बैलांना हाक देऊन तो गाडी उभी करतो, खाली उडी टाकतो आणि चाकाखाली एक चांगला बसका धोंडा सरकवतो. मगच पाण्याची बाटली तोंडाला लावतो. बैल कितीही शहाणे असले तरी माशी बसली की झटका देणारच. धोंड्याला माशी चावत नाही आणि त्याचे पाय दुखत नाहीत. एकदा लावला की लावला.

मित्रहो, चालती गाडी थांबवणे हे एक काम आणि थांबलेली गाडी जागच्या जागी धरून ठेवणे हे दुसरे. दोन्ही कामांना आपण ‘ब्रेक’ हा एकच शब्द वापरतो, म्हणून ती एकच असावीत असे वाटते. वस्तुतः ती निरनिराळी आहेत, आणि गेल्या सव्वाशे वर्षांतला ब्रेकचा इतिहास हा या दोन कामांची सांगड घालण्याचा इतिहास आहे. तो आज सांगावासा वाटला त्याला एक कारण घडले.

आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्यांनी मोटार घेतली. तिला पायांजवळ ओढायचा दांडा नाही. त्या जागी एक लहानसे बटण आहे. बटण ओढले की मागच्या चाकांकडून बारीक घरघर ऐकू येते आणि हँडब्रेक लागतो. दोन-तीन वर्षांनी मागचे ब्रेक पॅड झिजले. गावातल्या जुन्या, भरवशाच्या मिस्त्रीकडे त्यांनी गाडी नेली. त्याने नेहमीच्या रीतीने चाक काढले, शिकंजा लावून पिस्टन मागे दाबला, थोडा जड गेला म्हणून जोर केला, नवे पॅड बसवले आणि गाडी दिली. समोरच्या तबकडीत पिवळा दिवा लागत होता, पण गाडी थांबत तर होती! रात्री त्यांनी ती घरासमोरच्या उतारावर उभी केली, बटण ओढले, घरघर झाली आणि ते निजले. पहाटे पाहतात तर गाडी चार हात मागे सरकून कुंपणाच्या गडग्याला टेकलेली. त्याच वाटेने सात वाजता मुले शाळेला जातात.

मिस्त्री फार ओशाळला. म्हणाला, “सर, तीस वर्षं हेच करतोय. पिस्टन दाबायचा, पॅड घालायचे. ह्यात नवीन काय आलं?”

प्रश्न प्रामाणिक होता. त्याच्या हातात कसब होते. फक्त मधल्या काळात आत काय बदलले ते त्या हातांना कुणी सांगितले नव्हते. तेव्हा त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपण थोडे मागे जाऊन शोधू.

साल १८८८. जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल बेंझ नावाच्या यंत्रज्ञाने तीन चाकांची मोटारगाडी तयार केलेली होती, पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता. ऑगस्ट महिन्यात एका सकाळी त्याची पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना, ऑयगेन आणि रिशार्ट यांना घेऊन, नवऱ्याला आधी न सांगताच ती गाडी घेऊन निघाली आणि सुमारे शंभर किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइम या आपल्या माहेरच्या गावी पोचली. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधन संपले तेव्हा तिने ते औषधाच्या दुकानातून विकत घेतले. चढण आली की मुले उतरून गाडी ढकलत. खरी अडचण मात्र उतारावर आली. त्या गाडीचा ब्रेक म्हणजे चाकावर घासणारे लाकडाचे ठोकळे, आणि उतरून उतरून ते ठोकळे झिजले. बेर्थाबाईंनी वाटेवरच्या एका गावात जोडे शिवणारा गाठला आणि त्याच्याकडून त्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. काम भागले. झिजण्यासाठी वेगळा तुकडा लावायचा, तो झिजला की तेवढाच बदलायचा, ही ब्रेक पॅडची कल्पना मोटारीच्या इतिहासात तिथे अवतरली. ती बसवणारा पहिला मिस्त्री जोडे शिवणारा होता, हेही ध्यानात ठेवा.

पुढची गोष्ट इंग्लंडातली. डर्बीशायर हा डोंगराळ मुलूख. तिथले घोडागाडीवाले उताराला लागले की ब्रेकच्या ठोकळ्यावर जुना बूट अडकवत. रबर आणि चामडे लाकडापेक्षा बरे धरते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने हे पाहिले आणि ब्रेकसाठी खास अस्तर बनवण्याचा उद्योग आरंभला. १८९७ साली त्याने ‘फेरोडो’ ही कंपनी काढली. हे नाव त्याच्याच आडनावातली अक्षरे फिरवून केलेले. आजही हे नाव ब्रेकच्या खोक्यांवर दिसते. मोटारींचा वेग वाढला तशी चामड्याची आणि कापडाची अस्तरे जळू लागली, आणि फ्रूडने १९०८ च्या सुमारास अॅस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. हा खनिज धागा कापसासारखा कातता येतो आणि आगीत जळत नाही. ब्रेकसाठी याहून सरस वस्तू कुणाच्या कल्पनेत नव्हती.

पण इथे थांबून एका बाईची आठवण केली पाहिजे. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी नेली केर्शॉ नावाची कामगार बाई गिरणीत अॅस्बेस्टॉसचे सूत कातीत असे. तिचा दम लागण्याचा आजार वाढत गेला आणि १९२४ साली, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी ती वारली. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे तपासली तेव्हा आत त्याच धाग्याचे कण सापडले. वैद्यकाच्या नियतकालिकात त्यांनी हे प्रसिद्ध केले. १९३१ साली ब्रिटनमध्ये कारखान्यातल्या धुळीविषयी नियम झाले. परंतु ब्रेकच्या अस्तरातून अॅस्बेस्टॉस जायला आणखी कितीतरी दशके लागली, आणि ब्रिटनने त्याच्या वापरावर पुरती बंदी घातली ती १९९९ साली. तोपर्यंत जगभरच्या मिस्त्र्यांनी ड्रम उघडून आतली धूळ तोंडाने फुंकून काढली होती. आजचे पॅड राळ, धातूचे तंतू, ग्रॅफाइट अशा पदार्थांचे असतात. तरीही जुन्या सवयीने कुणी ब्रेकवर फुंकर मारताना दिसला तर त्याला अडवा. ओल्या फडक्याने पुसणे हेच बरे.

आता शिक्षकांसाठी थोडे गणित. ब्रेक करतो तरी काय? गतीची ऊर्जा तो घर्षणाने उष्णतेत बदलतो. एक हजार किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना पूर्ण थांबवली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता निघते तिच्यावर सुमारे ४०० मिलिलिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे चार कप चहाचे आधण! वेग दुप्पट केला तर आधण चौपट, सोळा कपांचे. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो का तापतो आणि का निकामी होतो, हे मुलांना यावरून चटकन कळेल. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरावी असे जुने चालक सांगतात, त्याचे कारण हेच.

ही उष्णता बाहेर कशी टाकायची, यावर दोन मार्ग निघाले, आणि गंमत म्हणजे दोन्ही १९०२ सालचे. फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक पुढे आणला: चाकाबरोबर फिरणारे एक भांडे आणि आतून त्याला चिकटणारे दोन अर्धगोल जोडे. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले: चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा. त्याने चिमट्याला तांब्याचे अस्तर लावले होते. ते झिजे लवकर आणि किंचाळे भयंकर. लोक कंटाळले आणि ड्रमने बाजी मारली. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ड्रमचेच राज्य चालले.

दरम्यान पायाचा जोर चाकापर्यंत नेण्याची रीत बदलली. आधी दांडे आणि तारा असत. एका चाकाची तार सैल आणि दुसऱ्याची ताठ असली की गाडी एका अंगाला ओढे. अमेरिकेतल्या माल्कम लॉकहेडने तेलाचा उपयोग केला. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला तर तो सर्व बाजूंना सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम आपण शाळेत शिकवतोच. चारही चाकांना तेलाचे ब्रेक असलेली ड्यूसेनबर्गची मोटार १९२१ साली आली. आता चारही चाके सारखी दबू लागली. मग १९५३ साली फ्रान्समधल्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारची डिस्क ब्रेकवाली गाडी पहिली आली. उघडी चकती वाऱ्याने थंड होते, म्हणून रात्रभर पळूनही तिचा ब्रेक दगा देत नव्हता. दोन वर्षांनी सित्रोएन कंपनीने सर्वसामान्यांसाठी मोठ्या संख्येने काढलेल्या गाडीला पुढे डिस्क बसवल्या, आणि लँचेस्टरच्या चिमट्याला अर्ध्या शतकानंतर न्याय मिळाला.

हे झाले थांबवण्याचे. धरून ठेवण्याचे काय?

तेल थांबवायला फार चांगले, पण रात्रभर धरून ठेवायला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. एखाद्या वायसरमधून जरा जरी पाझरले तरी दाब गेला. म्हणून पायाचा ब्रेक तेलाचा झाला तरी हँडब्रेक तारेचाच राहिला. दांडा ओढला की तार ताणायची, खटका दातांत अडकायचा आणि मागची चाके आवळली जायची. आपल्याकडच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही पायाने चालणारा ब्रेक आणि गाडी उभी करण्याचा ब्रेक, अशा दोन स्वतंत्र व्यवस्था मागितलेल्या आहेत. एकाने दगा दिला तर दुसरा हवा, हा साधा हिशेब.

तारेलाही दोष होतेच. ती गंजते, ताणून लांब होते. आणि एखाद्याने दांडा अर्धाच ओढला तर तीही अर्धीच धरते. २००१ साली बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाडीत बटणाने लागणारा हँडब्रेक आला. पुढे काही गाड्यांत विजेची लहान मोटार थेट मागच्या कॅलिपरवरच बसवली. फोक्सवॅगनची २००५ ची पसाट ही तशांपैकी एक. आता तार उरलीच नाही. आमच्या सहकाऱ्यांच्या गाडीतही हीच रचना आहे.

पुष्कळांचा समज असा की, या गाड्यांत वीज चाक धरून ठेवते. तसे असते तर बॅटरी उतरताच गाडी सुटली असती! वीज फक्त आवळण्याचे काम करते. कॅलिपरच्या पिस्टनच्या पोटात एक मळसूत्र असते. मोटार दातेरी चाकांतून ते फिरवते, त्यावरची चाकी पुढे सरकते, पिस्टनला आतून टेकते आणि पॅड चकतीवर घट्ट बसतात. किती घट्ट झाले ते गाडीतला संगणक मोटारीने ओढलेल्या विजेवरून ओळखतो आणि पुरेसे झाले की वीज बंद करतो. त्यानंतर धरून ठेवते ते मळसूत्र. ट्रक उचलायचा स्क्रू जॅक आठवा. दांडी फिरवली की ट्रक वर जातो. दांडी सोडली तरी ट्रक स्वतःच्या वजनाने जॅक उलटा फिरवून खाली येत नाही. आट्यांचा उतारच इतका बेताचा ठेवलेला असतो. म्हणजे इतक्या सुधारणांनंतर आपण पुन्हा त्या न दमणाऱ्या धोंड्यापाशीच येऊन पोचलो, फक्त तो धोंडा आता पिस्टनच्या पोटात आहे आणि डोळ्यांना दिसत नाही.

मिस्त्रीची चूक इथेच झाली. पॅड जसजसे झिजतात तसतसा पिस्टन पुढे येतो आणि हँडब्रेक लावताना मळसूत्रावरची चाकीही तेवढीच पुढे जाते. नवे पॅड जाड असल्याने पिस्टन मागे न्यावाच लागतो. जुन्या गाडीत पिस्टनमागे फक्त तेल होते. दाबले की ते मागे जाई. इथे पिस्टनच्या पाठीशी मळसूत्र उभे आहे, आणि असे बेताच्या उताराचे मळसूत्र नुसत्या दाबाने मागे जात नाही. ते फिरवूनच मागे न्यावे लागते. शिकंज्याने जोर केला तेव्हा आतले भाग दुखावले. तरी रात्री गाडी काही वेळ थांबली, आणि मग सरकली. का? गाडी उभी केली तेव्हा चकती तापलेली होती. निवल्यावर ती किंचित आकसली आणि उरलीसुरली पकड सुटली. धड असलेल्या यंत्रणेत ही घट संगणकाने हिशेबात धरलेली असते, पण दुखावलेल्या मळसूत्रापुढे त्याचा इलाज चालत नाही. पिवळा दिवा तेच सांगत होता.

मग काम करावे तरी कसे? प्रत्येक गाडीची रीत थोडी वेगळी असते आणि तिचे पुस्तक पाहिल्याशिवाय हात घालू नये. पण क्रम सर्वसाधारणपणे असा. गाडी सपाटीवर घ्यावी आणि पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी धोंडे लावावेत, कारण मागचा ब्रेक आपण स्वतःच सोडवणार आहोत. मग गाडीला सांगायचे की, दुरुस्ती करायची आहे, मळसूत्र मागे घे. काही गाड्यांत हे बटण आणि पेडल ठरावीक क्रमाने दाबून होते. पुष्कळ गाड्यांत संगणकाला जोडायचे एक छोटे यंत्र लागते. मोटार घरघरते आणि चाकी मागे जाते. त्यानंतर कॅलिपरमध्ये बोटे असताना कुणीही बटणाला हात लावता कामा नये. मोटार फिरली तर बोट चिरडेल. गाडी जॅकवर उचलली की ती नुसत्या जॅकवर न ठेवता खाली भक्कम टेकू द्यावा, मगच चाक काढावे. सोडलेला कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर लोंबत ठेवू नये. तारेने बांधून टांगावा. आता पिस्टन हळूहळू दाबावा आणि तेलाच्या डबीकडे लक्ष ठेवावे, कारण मागे गेलेले तेल तिथे वर चढते. अस्तर दोन-तीन मिलिमीटरवर आले असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलावेत. एक नवा आणि एक जुना, असे करू नये. चकतीची जाडीही मोजावी. सगळे बसवले की गाडी हलवण्याआधी पायाचे पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे, नाहीतर पहिल्या वळणावर पाय पोकळीत जाईल. शेवटी गाडीला दुरुस्ती संपल्याचे सांगावे, हँडब्रेक लावून-सोडून पाहावा, आणि दिवा विझल्याची खात्री करावी. दिवा राहिला तर काम संपलेले नाही.

यात अवघड काय आहे? हाताचे काम तर जुनेच आहे. नवे आहे ते गाडीला ‘सांगणे’, आणि ते सांगायचे यंत्र व माहिती सर्वांच्या हाती नाही. बेर्थाबाईंचा ब्रेक वाटेवरच्या जोडे शिवणाऱ्याने दुरुस्त केला, कारण तो पाहताक्षणी समजत होता. आज खेड्यातल्या मिस्त्रीने काय करावे? हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मोटार-दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मिस्त्र्यांनाही मिळावी, असा कायदा मतदारांनी मंजूर केला. आपल्याकडे २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि तिच्यापुढच्या विषयांत मोटारींबरोबर शेतीची अवजारेही होती. शेतकरी बंधूंनी याकडे लक्ष ठेवावे. ऐन हंगामात ट्रॅक्टर बंद पडला आणि तो उघडायची किल्ली शहरात असली, तर नुकसान कुणाचे?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. शाळेत पास्कलचा नियम शिकवताना लहान आणि मोठी अशा दोन पिचकाऱ्या नळीने जोडून मुलांच्या हाती द्या. मळसूत्र शिकवताना एखादा जुना स्क्रू जॅक वर्गात आणा आणि तो वरून दाबून खाली जातो का, ते मुलांनाच करून पाहू द्या. त्या वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या मिस्त्री होईल. पिस्टन जड गेला तर जोर वाढवण्याआधी ते मूल थांबेल आणि आत काय असेल याचा विचार करील.

आमच्या सहकाऱ्यांच्या गाडीचे दोन्ही कॅलिपर बदलावे लागले. खर्च झाला. मिस्त्रीने मात्र हिय्या सोडला नाही. ते छोटे यंत्र त्याने हप्त्याने विकत घेतले आणि मुलाकडून त्यावरची अक्षरे वाचून घेत शिकला. परवा मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तशीच एक गाडी कामाला आलेली होती. यंत्र त्याने खोक्यातून काढून फळीवर ठेवले, आणि आधी अंगणातले दोन धोंडे उचलून गाडीच्या पुढच्या चाकांना लावले.